झारी मीही घेतली

तर ताई, तू जे लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा तेच निघालं. माझ्या दिराच्या हातात सहा आठवड्यांत झारी आली, मग तुझ्या हातात दोन वर्षांत का नाही, असं तू मला विचारतेस? अगं, ज्याला तू माझ्या गळ्यात बांधलंस, ज्याच्यासाठी मी मुकादमापुढे हात जोडले, ज्याला माझे जुने बूट दिले, बराकीतली माझी खिडकीजवळची खाट दिली, त्या तुझ्या धाकट्या दिराचं कौतुक तू मलाच लिहून कळवतेस. तेही दीड पान. आणि माझ्याबद्दल सगळ्यात शेवटी, कागद संपत आला तेव्हा, 'बाकी तू बरा असशीलच.' बरा आहे. (नमस्कार राहिला. तुला, भावोजींना आणि आईला नमस्कार. भावोजींची कंबर कशी आहे? आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? पोरांचा पापा घे. हे सगळं वरच्या कोपऱ्यात यायला हवं होतं हे मला कळतं, पण राग आधी आला आणि तो काही रांगेत थांबत नाही.) हे मी फोनवरच बोललो असतो. पण इथे फोन एकच, तो मुकादमाच्या टेबलावर, आणि त्याच्यासमोरच्या बाकावर जेवण झालं की तुझा दीर येऊन बसतो. शांतपणे. तो सगळं शांतपणेच करतो, हेच तर मला खपत नाही.

वर विचारतेस की झारी म्हणजे एवढं काय असतं. सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कौतुक करताना कशाचं करतेस ते तरी कळेल. तिचं खरं नाव ड्रिप टॉर्च, पण दिसते ती बागेला पाणी घालायच्या झारीसारखी, म्हणून सगळे झारीच म्हणतात. खाली डबा, वर मूठ, पुढे लांब तोटी आणि तोटीच्या टोकाला वात. डब्यात तीन भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल. वात पेटवायची, झारी पुढे वाकवायची आणि चालायला लागायचं. तेल वातीवरून पेटत पेटत थेंबाथेंबाने गवतावर पडतं आणि तुझ्या मागे जाळाची रेघ उभी राहते. ऊन कडक व्हायच्या आत रस्त्याकडेच्या वाळक्या गवताच्या पट्ट्या आपणच जाळून काळ्या करायच्या, म्हणजे पुढे खरा वणवा आला तर त्याला तिथे खायला काही सापडत नाही आणि तो पलीकडच्या झाडांपर्यंत पोचत नाही, हे आमचं काम. (आईला मी एकदाच 'आग लावायचा पगार मिळतो' असं सांगितलं तर ती दोन दिवस नीट जेवली नव्हती म्हणे. तिला जरा समजावून सांग.)

आता आम्ही आहोत अकरा जण. त्यातल्या दहा जणांच्या पाठीवर पाण्याचे पंप नाहीतर हातात आग झोडायचे रबरी फडे, आणि अकरावा झारीवाला. तो पुढे चालतो, बाकीचे त्याच्या तालावर. तो थांबला की सगळे थांबतात. त्याने नाक खाजवलं तरी दहा माणसं बघतात. माझ्या पाठीवरचा पंप दोन वर्षं गळतो आहे, म्हणजे माझी पाठ दोन वर्षं ओली आहे, आणि माझं नाक कोणी बघितलेलं नाही. पण नाकाचंही सोड. खरी गोष्ट अशी की हंगाम संपला की दहा जणांनी गाशा गुंडाळून निघायचं असतं आणि पुढचे आठ महिने मिळेल ते काम करायचं असतं. या वर्षापासून झारीवाल्याची एक जागा कायमची होणार आहे. बारा महिने पगार, स्वतःची खोली, खोलीला स्वतःचं कुलूप. ताई, मी आजवर तेवीस पत्त्यांवर राहिलो आहे आणि एकाही दाराची किल्ली माझ्या खिशात नव्हती. ती जागा मला हवी होती. तुझा दीर इथे यायच्या आधीपासून हवी होती.

जुना झारीवाला खांदा धरल्यामुळे गेला तेव्हा मी रात्रीत दाढी करून तयार झालो होतो. पण मुकादमाने परीक्षा ठेवली. (शाळा मी परीक्षांमुळेच सोडली. चौथीनंतर शाळेने मला सोडलं असं तू म्हणशील, पण तो वाद जुना आहे.) झारीत तेलाऐवजी पाणी भरलं, वात काढून ठेवली, आणि आवारातल्या धुळीतून एकेकाला शंभर पावलं चालायला लावलं. मागे धुळीत पाण्याचे थेंब पडतात, त्यांची रेघ बघायची. माझी रेघ सुरुवातीला बरी होती, पुढे मला घाई झाली, मग मी वळणावर मुकादम बघतोय का ते बघितलं, आणि एकंदरीत एखादा साप पोट बिघडल्यावर चालेल तशी ती दिसत होती. मग तुझा दीर उठला. तो चालला आणि धुळीत कोणी दोरी ताणून ठेवली की काय असं वाटलं. सारख्या अंतरावर सारखे थेंब. आणि मला एकदम आठवलं की हा तिकडे पाच वर्षं खेळाच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायचा. आपण त्याला हसायचो, ताई. तूही हसायचीस, आता विसरलीस. माणूस आयुष्यभर जमिनीवर रेघा मारतो, हे काय काम झालं, असं मीच म्हणालो होतो, तुझ्या ओट्यावर बसून. मुकादमाने त्याच्या हातात झारी दिली. तो माझ्याकडे बघून म्हणाला की मामा, तुमच्यामुळे झालं. (पोरांच्या नात्याने तो मला मामा म्हणतो. माझ्याहून एका वर्षाने लहान आहे. आता अख्खी बराक मला मामा म्हणते, पन्नाशीचा स्वयंपाकीसुद्धा.)

त्या दिवसापासून माझं जेवण अंगी लागेना. तो सकाळी झारी पुसायला बसायचा. तो वात बदलायचा, वायसर तपासायचा, तेल गाळून भरायचा, आणि प्रत्येक वेळी मला विचारायचा की मामा, बरोबर ना. मला काय माहीत बरोबर आहे का? मी बरोबर म्हणायचो. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी ठरवलं की आपली स्वतःची झारी घ्यायची. मुकादमाची दुसरी झारी तळाशी चिरली होती, तेव्हा कधी ना कधी दोन झाऱ्यांचं काम निघणार हे नक्की होतं.

गावाच्या बाजारपेठेत अवजारांचं एक दुकान आहे, पुढे दोऱ्या टांगलेलं, आत गंजाचा वास. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवून मला डोळे बारीक करून बघत होता. त्याने तीन झाऱ्या काढल्या. एक अगदी स्वस्त, पण तिची तोटी सरळसोट होती. ती त्याने लगेच मागे ठेवली. म्हणाला की तोटीला मध्ये गोल वेढा नसेल तर जाळ तोटीतून उलटा डब्यात शिरतो, आणि मग गिऱ्हाईक परत येत नाही, तक्रार करायलासुद्धा. दुसरी मध्यम, चार लिटरची, हलकी, तोटीला वेढा, झाकणाचे आटे घट्ट, डब्याला हवेचा स्क्रू. माणसाने घ्यावी अशी तीच होती हे मलाही दिसत होतं. पण ती हुबेहूब तुझ्या दिराच्या झारीसारखी होती. तिसरी सहा लिटरची, जुनी, कुठल्यातरी कारखान्यातून निघालेली, पोटाला पोचे आलेली, पण काय तिचा थाट! दुकानदाराने विचारलं की किती चालायचं असतं. मी म्हटलं, चालायची सवय आहे. त्याने ती पाण्याने काठोकाठ भरली आणि हातात धरून दुकानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. पहिल्या फेरीत मला कळलं की ही माझी झारी नव्हे. दुसऱ्या फेरीत हात खांद्यातून निखळतोय असं वाटलं. मी हसत हसत आत आलो आणि पैसे दिले. त्याने मला हवेचा स्क्रू दाखवला, त्याच्या शेजारचं टाचणीएवढं भोक दाखवलं, म्हणाला की तेल बाहेर पडायचं तर हवा आत जायला हवी, चालण्याआधी स्क्रू सैल करायचा, घरी आलं की आवळायचा. हे मी लक्ष देऊन ऐकलं, ताई. स्क्रूबद्दल मला कोणी काही बोलू शकणार नाही.

तर ती आणली. पोचे दिसत होते, म्हणून रंगवली. लालभडक. बराकीमागे फाटकाच्या रंगाचा अर्धा डबा पडून होता, त्यातून तीन हात दिले. मूठ, डबा, झाकण, सगळं चकचकीत. बाकीचे येऊन बघून गेले. तुझा दीर आला, बराच वेळ बघत उभा राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी सांगितलं की प्रत्येकाने आपापली झारी बघावी. तो गेला. त्याला झोंबलं हे मला स्पष्ट दिसलं आणि त्या दिवशी मी दोन ताटं जेवलो.

आता आज काय झालं ते ऐक. हे लिहिण्यासाठीच बसलो आहे, वरचं सगळं हाताबरोबर आलं. आज मोठी पट्टी होती, तीनशे पावलांची, माणसाच्या छातीपर्यंत गवत. जागा ठरवणारे साहेबही गाडीतून आले होते आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, रस्त्याखालच्या मोरीवर, मुकादमाबरोबर उभे होते. वारा दुपारी फिरणार होता. एकाच झारीतलं तेल दोन्ही बाजूंना पुरेल याची खात्री नव्हती. मुकादमाने इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्यासमोर मी उभा होतो, लाल झारी घेऊन. आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला तुझ्या दिराने रेघ मारायची, ती जळून काळी झाली की वरच्या अंगाने मी, म्हणजे माझा जाळ वाऱ्याबरोबर धावत येऊन त्या काळ्या पट्टीवर विझायचा. त्याची रेघ झाली. झाली म्हणजे झाली, मी काही बघितली नाही. बाकीचे सगळे खालच्या अंगाला ठिणग्या मारत उभे राहिले. माझी वेळ आली. मी स्क्रू सैल केला (ऐकलंस ना, केला), वात पेटवली, झारी वाकवली, पहिले थेंब गवतावर पडले, गवत भडकलं आणि मी निघालो.

ताई, काय चाललो मी. घाई नाही, मान ताठ, नजर समोर. दर दहा पावलांवर मागे वळून रेघ बघायची असा नियम आहे, पण मी वळलो असतो तर तुझ्या दिराला वाटलं असतं की तो बघतोय का हे मी बघतोय. म्हणून नाही वळलो. मागे धूर मावत नव्हता, जाळाचा आवाज येत होता, त्यातून दोनदा 'मामा, मामा' अशी हाकही आली. आता मामा आठवतो! मी कान बंद केले. झारी इतकी जड होती की अर्ध्या वाटेत बोटं बधिर झाली, आणि कमाल म्हणजे शेवटच्या पावलापर्यंत ती तसूभरही हलकी झाली नाही. पण हात खाली येऊ दिला नाही. मोरीपाशी पोचलो, वात विझवली आणि मग मात्र वळलो. मागे तीनशे पावलं जाळाची भिंत, एका उंचीची, कुठे खंड नाही, दोरीत धरल्यासारखी सरळ. मला स्वतःलाच विश्वास बसेना. साहेबांनी मुकादमाला विचारलं की हा कोण, आणि मग मला म्हणाले, "रेघ सुरेख." संध्याकाळी मुकादमाने कायमच्या जागेच्या कागदावर माझं नाव घातलं. माझ्या डोळ्यांदेखत घातलं.

तेव्हा भावोजींना सांग. तुझ्या सासूबाईंना सांग, पण हळू सांग, त्यांना लागेल. आणि तुझ्या दिराला लिही की घरी ये, मैदानाला फक्कीवाला हवाच असेल. मला त्याचं काही वाईट व्हावं असं वाटत नाही, फक्त लांब व्हावं.

तुझा, ज्याच्यासाठी तुला नेहमी अर्धीच ओळ उरते, तो भाऊ.

ता. क. टपाल घेऊन जाणारी गाडी आज आली नाही, म्हणून पत्र इथेच आहे आणि एक गोष्ट लिहावी लागते आहे. सकाळी झारी भरायला गेलो. झाकण उघडलं तर तेल काठापर्यंत. मला वाटलं रात्री कोणीतरी भरली. तेवढ्यात तुझा दीर आला, वाकून डब्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "भोक रंगवलंत, मामा." एवढंच. खिशातून टाचणी काढली आणि फाटकाचा रंग खरवडायला बसला. म्हणजे असं, ताई, की स्क्रू मी सैल केला होता, पण त्याच्या शेजारच्या भोकावर रंगाचे तीन हात होते. हवा आत गेली नाही, तेल बाहेर आलं नाही. पहिले पाच-सहा थेंब पडले तेवढेच. वात भिजलेली होती म्हणून ती जळत राहिली आणि मी तीनशे पावलं एक वात मिरवत नेली. मागून धुरातून, वीस पावलांचं अंतर ठेवून, माझ्याच चालीने चालत तुझ्या दिराने आपल्या झारीतल्या उरलेल्या तेलात ती रेघ मारली आणि धुराआडूनच परत फिरला. मी विचारलं की सांगितलं का नाही. तो म्हणाला की दोन हाका मारल्या. मी विचारलं, मग नंतर साहेबांसमोर का बोलला नाहीस. तर म्हणाला की रेघ मध्येच तुटली असती तर जाळ तिरका पुढे धावला असता, आणि पुढे तुम्ही होता, तेवढीच घाई होती, नंतरचं काही सुचलं नाही. आता याच्यावर माणसाने चिडायचं कसं, ते तू सांग. मी चिडलोच, पण कष्ट पडले. (पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण इतकी पानं पुन्हा लिहिण्याची ताकद माझ्या त्या हातात सध्या नाही.)

आणखी ता. क. गाडी उद्या येणार आणि साहेबांचा कागदही तिच्यातूनच जाणार. म्हणून आज जेवण झाल्यावर मुकादमाच्या टेबलापाशी गेलो. साबण मागितला. परत आलो. पुन्हा गेलो, पायाचं मलम मागितलं. तिसऱ्यांदा गेलो आणि किती वाजले ते विचारलं, तर मुकादमाने मानेने भिंतीकडे दाखवलं, तिथे हे एवढं घड्याळ आहे. चौथ्यांदा गेलो तेव्हा बाकावर तुझा दीर नव्हता, म्हणून सगळं सांगून टाकलं. स्वतःच्या तोंडाने माझ्यासारख्या माणसाने हे सांगायचं म्हणजे काय होतं, ते तुला नाही कळायचं. मुकादमाने ऐकून घेतलं. कागद काढला, माझं नाव खोडलं, वर त्याचं लिहिलं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. तो म्हणाला, "म्हणजे फाटकाचा रंग तू संपवलास." मघाशी तुझ्या दिराला कळलं. तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. तुमचं काय आता, असं विचारत होता. मी झोपेचं सोंग घेतलं. हंगामाला तीन आठवडे उरलेत, मग मी माझं सामान उचलेन. त्याला खोली मिळेल. कुलूप त्याने आत्ताच मुकादमाकडून आणलं आहे, पितळी, पुन्हा येऊन मला दाखवलं, बरोबर ना मामा म्हणून. बरोबर आहे म्हणालो. मला अजूनही बघवत नाही हे खरं सांगतो.

शेवटचं. त्याला घरी बोलाव असं मी वर लिहिलं ते खोडायचं राहिलं, ते वाचू नकोस. माझं मागणं वेगळंच आहे आणि ते मी पहिल्या ओळीपासून लांबवतो आहे. तू त्याला वेगळं पत्र पाठवतेस ना, दर पंधरवड्याला, ते तो बराकीत मोठ्याने वाचतो, कारण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना पत्रं येत नाहीत आणि त्यांना आवडतं ऐकायला. तुझ्या घराची कौलं, आईचं खोकणं, पोरांची भांडणं, सगळं सगळ्यांना पाठ झालं आहे. मीही ऐकतो, भिंतीकडे तोंड करून. पुढच्या पत्रात माझ्याबद्दल एक ओळ घाल. खोटी नको, तो खोटं वाचताना अडखळतो. काय लिहायचं ते तूच शोध. तू मला चालायला लागल्यापासून बघतेस, एखादी गोष्ट निघेल.

या महिन्यात पैसे कमी आहेत, कारण झारी. जाळाच्या दिवशी झारीवाल्याला वर चाळीस मिळतात, ते मुकादमाने त्या दिवशी माझ्या हातावर ठेवले होते आणि आता तुझा दीर ते घेत नाही. म्हणून ते यातच घातलेत, तुझ्या सासूबाईंना दे, त्यांच्या मुलाचे म्हणून, कुठून आले ते बोलू नकोस. बाकीचे आईच्या डोळ्यांना. पाठवतो आहे ते दोनशे चाळीस.